आढ्याच्या वरची ओढ

मित्रांनो, कुणी हौसेनं जन्माला येतं, कुणी चुकून. मी पैजेतून जन्मलो.

मी एक जुनं धुराडं आहे. आता व्याकरणाच्या बाई म्हणतील, धुराडं म्हणजे 'ते', मग 'जन्मलो' कसं? बाई, इतकी वर्षं भिंतीत एकट्या उभ्या राहून बघा, मग किती व्याकरण शिल्लक राहतं ते सांगा. सध्या माझ्या पुढ्यात एक कपाट आहे. कपाटात जुन्या चादरी आहेत आणि चादरी काही बोलत नाहीत. त्यामुळे आज तुम्ही तावडीत सापडलात, तर सगळं सांगूनच सोडणार.

तर पैज.

आमची गल्ली चढाची. वरच्या टोकाला टेकडी. तिथून वारा सुटला की विचारपूस न करता सरळ घराघरांत शिरायचा. गल्लीच्या मधोमध हे घर, उतरत्या छपराचं, लाकडी जमिनीचं. घरात दोघंच. एक घड्याळजी, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा किडकिडीत माणूस. डोळ्याला भिंग लावून बसला की जग बुडालं तरी मान वर करायचा नाही. दुसरी त्याची बायको. तिला अख्खी गल्ली वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. समोर टेलरचं दुकान. वहिनी त्याच्यासाठी घरी बसून काज-बटणं करायच्या. थंडी पडली की त्यांची बोटं आखडायची, छातीही नाजूक, मग एका सदऱ्याची काजं करायला अख्खा दिवस जायचा.

टेलरच्या तोंडात कायम टाचण्या. त्यामुळे तो ओठाच्या कोपऱ्यातून बोलायचा. आणि त्याला पैजेचं व्यसन. मांजर भिंतीवरून उडी मारेल की नाही, गिऱ्हाईक माप दिल्यावर जाड होईल की नाही, कशावरही पैज.

एका संध्याकाळी, हे मी पुढे त्यांच्याच तोंडून ऐकलंय, वहिनी त्याच्या दुकानाच्या पायरीवर उरलेलं बटण लावत बसल्या होत्या, आणि घड्याळजी म्हणाला, "बाहेरच्या खोलीत शेकोटी बांधणार आहे. भिंतीतली. लाकडाची. वर धुराडं."

"तू आग लावणार?" टेलर म्हणाला. "तुझा तर चहासुद्धा कायम गार असतो."

"हिची बोटं आखडतात रे."

"म्हणून घरभर धूर करणार. वहिनी, सामान बांधा. ह्या माणसाच्या धुरापायी तुम्हाला मोरीत राहावं लागणार."

वहिनींनी सुईतला दोरा दातानं तोडला. "भावजी, तुम्ही एक दिवस टाचणी गिळणार आहात. तुम्ही त्याची काळजी करा."

"बरं, लाव पैज," टेलर घड्याळजीला म्हणाला. "पदरचं कापड घालून पांढरा सदरा शिवतो. तो घालून शेकोटीसमोर बसायचं, लाकडं पेटल्यापासून विझेपर्यंत. कॉलरवर काजळीचा एक ठिपका पडला, तर तू तोंडाला काजळी फासून गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. नाही पडला, तर मी."

"आणि कुणाला खोकला आला तर?" वहिनींनी विचारलं.

"खोकला धरून. एक जरी खोकला आला तरी हा हरला."

झालं. दोन मोठ्या माणसांनी हातावर हात मारला आणि मी पोटात आलो.

गवंडी आला तो गात गात आला. मोठा फुशारक्या मारणारा माणूस. म्हणे, मी बांधलेल्या धुराड्यातून धूर रांग लावून बाहेर पडतो. पण हात चांगला होता त्याचा. शेकोटीच्या पुढ्यात त्यानं आधी जाड दगडी फरशी बसवली, का तर ठिणगी उडाली तर ती दगडावर मरावी, लाकडी जमिनीवर नाही. माझ्या पोटात भाजक्या मातीचे पाइप एकावर एक उभे केले, सांधे लिंपले. छपरातून वर नेताना मला वाशांपासून चांगलं लांब ठेवलं. "लाकूड आणि धुराडं म्हणजे सासू-सून," तो म्हणायचा. "एका घरात नांदतील, पण खेटून उभी करू नका."

मग तो छपरावर चढला. छपराचा सगळ्यात वरचा कणा, त्याला म्हणतात आढं. तिथून त्यानं खाली हाक मारली, "मालक, ह्याला आढ्याच्या वर न्यावं लागेल. चांगलं हातभर, थोडं जास्तच. आढं ओलांडलं की ओढ लागते."

तेवढ्यात समोरून टेलर ओरडला, "अरे, कारखाना काढतोयस का? भोंगा कधी वाजणार?"

गल्ली हसली. घड्याळजी लाजला. त्याला सगळं लहान, नेटकं, खिशात मावणारं आवडायचं.

"थोडं बुटकं नाही का चालणार?"

"चालेल," गवंडी म्हणाला. "पण ओढ कमी पडेल."

"ओढ कमी म्हणजे झीज कमी. मग बरंच की."

मित्रांनो, ही चूक करायला घड्याळजीच लागतो. घड्याळात स्प्रिंगची ओढ जास्त झाली की चाकांचे दात झिजतात. जन्मभर त्यानं तेच पाहिलेलं. पण धुराड्याची ओढ म्हणजे धूर वर खेचायची ताकद. ती नसेल तर मी नुसता भिंतीतला बोगदा. गवंड्याला हे ठाऊक होतं. पण खालून चहा आला होता आणि चहा चांगला होता. त्यानं खांदे उडवले आणि मला आढ्याच्या खालीच थांबवलं. डोक्यावर टोपी घातली, पाखरं शिरू नयेत म्हणून टोपीला जाळी लावली. आढ्यापलीकडे काय आहे, ते मला दिसलंच नाही.

गवंडी गेल्यावर घड्याळजीनं आणखी एक शहाणपणा केला. माझ्या तोंडाच्या अगदी वर त्यानं एक लाकडी फळी ठोकली. कशाला, तर घड्याळं मांडायला.

पैजेच्या संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. घड्याळजी कडक पांढऱ्या सदऱ्यात, लग्नाला निघाल्यासारखा. वहिनी पुढच्या खुर्चीत, हात पसरून. लाकडं पेटली. ऊब पसरली. वहिनींनी बोटं उघडली, मिटली, आणि हसल्या. मित्रांनो, माझ्या जन्मातलं ते पहिलं कौतुक, आणि ते जेमतेम चहा गार होईपर्यंत टिकलं.

टेकडीवरून वारा सुटला. आढ्यावर चढला, पलीकडून घसरला आणि दाणकन माझ्या डोक्यावर पडला. वर निघालेला धूर उलटा फिरला आणि सगळाच्या सगळा खोलीत आला. आधी हशा पिकला. टेलर तर मांड्यांवर थापा मारत होता. मग वहिनींना खोकला आला. दुसरा आला. मग तो थांबेचना.

हसणं कधी थांबलं कुणाला कळलं नाही. वहिनींना उचलून बाहेर नेलं, टेलरच्या पायरीवर बसवलं. टेलरनं तोंडातल्या टाचण्या काढून मुठीत धरल्या. गल्लीनं त्याला तसा कधीच पाहिला नव्हता. "वहिनी, हळू. श्वास घ्या. हळू," एवढंच तो म्हणत राहिला.

घड्याळजी राखाडी झालेल्या सदऱ्यात शेजारी उभा होता. "मी हरलो. फासतो काळं."

"पैज गेली खड्ड्यात," टेलर म्हणाला. "धुराडंच धड नाही. पैज अजून झालेलीच नाही."

डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांना धूर अजिबात चालायचा नाही. वहिनी दुसऱ्या गावी मोठ्या बहिणीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "थंडी सरली की येते."

घड्याळजीनं एक गोणपाट घेतलं, त्याचा बोळा केला आणि माझ्या घशात कोंबला.

थंडी सरली. वहिनी आल्या नाहीत. बहिणीकडे बरं आहे, असं फोनवर म्हणाल्या. खोलीचं नाव काढलं की श्वास अडकतो, असंही म्हणाल्या. 

मी पोकळ आहे, मित्रांनो. पोकळ असणं हेच माझं काम. पण पोकळ वेगळं आणि रिकामं वेगळं, हे मला त्या दिवसांत कळलं. माझ्या पुढ्यातल्या फरशीवर आधी छत्री आली. मग रद्दी आली. मग एक तुटकी खुर्ची आली, तिच्यावर आणखी रद्दी. राखाडी सदरा शेजारच्या खिळ्याला टांगलेला, वारा आला की बाही हलायची, जणू कुणीतरी चाललंय. वर माझ्या टोपीवर एक पारवा येऊन बसायचा. त्याच्या पायांचा आवाज खाली ऐकू यायचा. मला वाटायचं, चला, कुणीतरी आहे. मग त्याला दुसरीकडे जोडीदार मिळाला. तोही गेला.

घड्याळजी उभ्या उभ्या जेवायचा. वहिनींची खुर्ची होती, पण तिच्यावर बसायचा नाही, आणि आपल्या खुर्चीत बसलं की समोर तिची दिसायची. घरातली सगळी घड्याळं टिकटिकायची. इतका आवाज आणि एक शब्द नाही. मी आणि तो, एकाच खोलीत दोघं एकटे. मला वाटायचं, त्याच्याही घशात कुणीतरी गोणपाट कोंबलंय.

तिकडे टेलरचे हाल वेगळेच. काजं आता त्यालाच करावी लागत. एका गिऱ्हाइकानं सदरा घातला तर बटणं खालच्या मजल्यावर आणि काजं वरच्या मजल्यावर. गिऱ्हाईक म्हणालं, "टेलर, शिवलाय की भांडण लावलंय?" टेलरनं सदरा काढून घेतला आणि पैसे परत केले. पैज न लावता पैसे परत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

पुन्हा थंडी तोंडावर आली, तेव्हा तो एकदा बटण मागायच्या निमित्तानं आला. टेलर घड्याळजीकडे बटण मागतो, विचार करा.

"वहिनींचा फोन येतो?"

"येतो की."

"काय म्हणतात?"

"जेवलात का, विचारते."

"आणि तू?"

"जेवलो म्हणतो."

"खरं जेवतोस?"

"चहा घेतो."

टेलर रद्दी बाजूला सारून त्या तुटक्या खुर्चीवर टेकला. "परत ये, असं म्हणालास का कधी?"

घड्याळजी भिंग पुसत राहिला. आधीच लखलखीत होतं. "तिला तिकडे बरं वाटतंय. उगाच ओढ लावून त्रास कशाला द्यायचा? ओढ कमी तर झीज कमी."

टेलरनं टाचण्या तोंडातून काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. "तुझं घड्याळ चालतं का रे, ओढ काढून टाकल्यावर?"

घड्याळजीच्या पुढ्यात एक उघडं घड्याळ होतं. स्प्रिंग काढून बाजूला ठेवलेली. काटे जागच्या जागी, सुंदर, आणि मेलेले. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग उठला, रद्दी ओलांडून माझ्यापाशी आला, बाही वर सारली आणि माझ्या घशात हात घालून गोणपाट ओढून काढलं. 

मला खोकला आला असता, पण मी पैज लक्षात ठेवली.

दुसऱ्याच दिवशी गवंडी छपरावर. "मी तेव्हाच म्हणालो होतो," त्यानं वरून सांगितलं.

"म्हणालास, आणि चहा पिऊन गप्प बसलास," घड्याळजी म्हणाला.

"ते मात्र चुकलंच."

मग तो आत आला आणि माझ्या तोंडावरच्या फळीखाली वाकला. बोटानं खरवडलं तर बोट आत गेलं. फळी खालून कोळसा झाली होती. एका संध्याकाळच्या आगीत.

"ही कुणी ठोकली?"

"मीच. घड्याळांसाठी."

"आणखी एकदा जोरात पेटवलं असतं तर घड्याळं सोडा, घर बंद पडलं असतं."

फळी निघाली. आणि मी वाढलो. विटांवर विटा, पाइपावर पाइप, आढ्याच्या बरोबरीला आलो, आढ्याच्या वर गेलो. रस्त्यातून कुणीतरी म्हणालं, "वा, भोंगा." टेलरनं खालून ऐकवलं, "भोंगाच आहे. तुझ्या लग्नात वाजवू."

वरून मला पहिल्यांदा सगळी गल्ली दिसली. दोन्ही टोकं. वारा आला, आढ्यावरून घसरला आणि माझ्या पायाशी पडला. डोक्यावर नाही. गवंड्यानं खाली कागदाचा बोळा पेटवला, आणि धूर असा सरळ वर आला की मीच बघत राहिलो. ओढ म्हणतात ती ही.

गवंड्यानं खिडकीची एक झडप बोटभर उघडी ठेवायला सांगितलं. का, तर मी हवा वर ओढतो, ती कुठून तरी आत यायला नको? खोली गच्च बंद केलीत तर मी काय तुमचे खिसे ओढू? भिंतीवर एक गजरही बसवला. आग गुदमरली की एक विषारी वायू होतो, त्याला ना रंग ना वास. तो आला की हा गजर बोंबलणार. घरातलं हे एकच यंत्र घड्याळजीनं कधी उघडून बघितलं नाही.

राहिली लाकडं. ओली लाकडं धूर फार करतात, सुकी हवीत. तेव्हा कळलं की टेलरनं उन्हाळाभर आपल्या दुकानाच्या पत्र्याखाली चांगली फोडलेली लाकडं रचून ठेवली होती. विचारलं तर म्हणाला, "बसायला बाकडं नव्हतं."

मग घड्याळजी वहिनींना आणायला गेला. फोन केला नाही, स्वतः गेला. तिथे काय झालं ते मी कसं सांगणार, मी भिंतीत. वहिनींनी पुढे टेलरला सांगितलं तेवढंच ऐकलं. म्हणे हा दारात उभा राहिला, आणि काही विचारायच्या आधीच म्हणाला, "जेवलो नाही."

वहिनी आल्या. पण बॅग दाराशीच ठेवली. "एकदा जरी खोकला आला तर मी सकाळच्या गाडीनं परत. कुणी थांबवायचं नाही."

"नाही थांबवणार," घड्याळजी म्हणाला.

"आणि सदरा मी घालणार. पैज तुमची, छाती माझी."

आता मित्रांनो, पैजेचा निकाल लागला की तुम्ही पळणार, मला ठाऊक आहे. म्हणून शिकवण आधीच उरकून घेतो. त्यानंतर पुष्कळ हिवाळे मी पेटलो. दर थंडीआधी गवंडी यायचा, तारेचा ब्रश घालून माझा घसा साफ करायचा. आत साचलेली काजळी पेटली तर मीच घराला आग लावीन, म्हणून. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवली जायची, कारण राख मेल्याचं सोंग करते. लोक हात शेकायचे आणि मला चांगलं म्हणायचे. मग एकेक करून सगळे गेले. घड्याळजी, मग वहिनी. आता राहतात ती माणसं भली आहेत. त्यांच्याकडे विजेचा हीटर आहे. माझ्यापुढे कपाट आहे. माझी तक्रार नाही. फक्त कधी मला पेटवायचं मनात आलं, तर आधी कुणा जाणत्याला वर चढवा आणि आत बघायला लावा. आणि पेटवायचं नसलं, तरी ज्याच्यात ओढ आहे त्याच्या घशात बोळा कोंबून वर रद्दी रचू नका. मी धुराड्याबद्दलच बोलतोय असं नाही.

झाली शिकवण. चला.

टेलरनं तो राखाडी सदरा धुऊन, नीळ घालून परत पांढरा शुभ्र केला होता. वहिनींच्या अंगात तो गुडघ्यापर्यंत आला. ह्या वेळी खोलीत गर्दी नव्हती. घड्याळजी, टेलर, गवंडी आणि दाराशी बॅग. लाकडं पेटली. तिघंही आगीकडे बघत नव्हते, वहिनींच्या छातीकडे बघत होते, वर-खाली, वर-खाली. टेकडीवरून वारा सुटलेला मला दिसला. येताना बघितला. मी ओढायला लागलो. अंगातल्या सगळ्या विटा एक करून ओढलं. रिकाम्या दिवसांचं सगळं साठलेलं होतं, ते कामाला आलं.

वहिनींनी बोटं उघडली. मिटली. मग टेलरच्या कामाच्या पिशवीतून एक सदरा काढला, त्याची काजं बघितली आणि म्हणाल्या, "भावजी, हे काय केलंय?" आणि उसवायला बसल्या. मधेच वाकून एक लाकूड आत सारलं, कॉलर नीट केली, पुन्हा सुई उचलली. शेवटचं लाकूड लाल झालं, मग काळं, मग राखाडी. खोकला आला नाही.

टेलर उठला. चष्मा लावला. कॉलर बघायला वाकला. मित्रांनो, उजव्या टोकाला ठिपका होता. माझा नव्हता, शपथेवर सांगतो; लाकूड सारताना वहिनींच्या बोटाला लागलेला तो. पण काजळी ती काजळी, आणि पैज ती पैज. टेलरनं तो बघितला, मी बघितला, बाकी कुणी नाही. त्यानं अंगठा ओला केला, कापडाचा पोत बघितल्यासारखं कॉलरवरून फिरवला आणि सरळ झाला.

"स्वच्छ," तो म्हणाला. "हरलो."

सकाळी दुकानं उघडायच्या वेळी वहिनी हातात काजळीची वाटी घेऊन बाहेर आल्या. बॅग दाराशी नव्हती, ती आतल्या खोलीत गेली होती. त्यांनी टेलरच्या तोंडाला काजळी फासली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, कानांच्या पाळ्याही सोडल्या नाहीत. टाचण्या काढून घेतल्या, गिळेल म्हणून. मग तो निघाला. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, छाती पुढे काढून, आणि मी आता आढ्याच्या वर होतो म्हणून मला सगळं दिसत होतं. पोरं मागे धावत होती. खिडक्या उघडत होत्या. 

खालच्या टोकाला पाववाली दुकानाबाहेर आली. "अगंबाई, टेलर, तुमचं तोंड कुणी काळं केलं?"

"वहिनींनी," टेलर म्हणाला, ओठाच्या कोपऱ्यातून नाही, तोंडभर. "परत आल्या."